घुबडांच्या कामाला येण्याआधी

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या दिवसांत पक्षी उपचार केंद्रात मदतीला येतोस हे वाचून फार आनंद झाला. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, पण झाडांत आणि तारांत अडकलेला मांजा सण संपल्यावरही पुढे कितीतरी दिवस पक्षी कापत राहतो. त्यात गव्हाणी घुबडं आणि पिंगळे बरेच सापडतात.

आधी कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, त्यामुळे जखमी असलं तरी घरी ठेवून सांभाळायचं नाही. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि केंद्राकडे सोपवायचं.

घुबड चोचीपेक्षा नख्यांनी जास्त इजा करतं. मागून टॉवेल टाक, पंख अंगालगत मिटव आणि आधी दोन्ही पाय धर. छाती दाबू नकोस. पक्ष्याला श्वास घ्यायला छातीचं हाड पुढे-मागे हलावं लागतं. मांजा कधीही ओढायचा नाही. दोन्ही बाजूंनी कापायचा, रुतलेला तुकडा डॉक्टर काढतील. मग भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली टॉवेल घालून, अंधारात आणि शांततेत ठेवायचं. तारेच्या पिंजऱ्यात तर मुळीच नाही, त्यात धडपडून पिसं मोडतात.

लोक कळवळ्याने चोचीत पाणी ओततात आणि तिथेच पक्षी जातो. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुप्फुसात उतरतं. उपाशी, सुकलेल्या पक्ष्याला लगेच मांसही द्यायचं नाही. आधी डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात. रोजची गरज किलोमागे ५० मिली धरतात, म्हणजे ३०० ग्रॅमच्या गव्हाणीला १५ मिली. सुकलेल्याला त्याहून जास्त लागतं.

खाण्याला अख्खा उंदीर हवा, केस-हाडांसकट. नुसत्या चिकनवर पिल्लांची हाडं वाकतात, कारण त्यात कॅल्शियम नसल्यासारखंच. गव्हाणी रात्रीत तीन-चार छोटे उंदीर खाते. पिंगळ्याला नाकतोडे, रातकिडेही चालतात. सकाळी केस-हाडांची ओकलेली गोळी दिसली की पचन ठीक आहे असं समजायचं. वजन रोज एकाच वेळी, खाण्याआधी घ्यायचं. बाजारातून किंवा सापळ्यातून आणलेला उंदीर नको, त्याच्या पोटात विष असू शकतं. विषारी उंदीर खाल्लेल्या घुबडाचं तोंड आतून पांढुरकं पडतं, बारीकशा जखमेतलंही रक्त थांबत नाही.

मांज्याची सगळ्यांत वाईट जखम पंखाच्या पुढच्या कडेला होते, खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेल्या पातळ कातडीला. ती शिवता येते, पण पंख फार दिवस बांधून ठेवला तर आखडतो आणि मग पुरता उघडतच नाही. म्हणून डॉक्टर पट्टी सोडून, भूल देऊन पंख ताणून बघतात. तेव्हा पक्षी धरून ठेवणं हे तुझं काम. बोलायचं नाही, कुरवाळायचं तर नाहीच. माणसाच्या हाताला सोकावलेलं पिल्लू पुढे रानात जगत नाही. त्याला भरवताना चेहरा झाकायचा. पण धडधाकट पिल्लू नुसतं घरट्यातून पडलं असेल तर केंद्रात आणूच नये. जमलं तर घरट्यात परत ठेवायचं, नाहीतर जवळच उंचावर खोकं बांधायचं. आई-बाप अंधार पडल्यावर येतात.

उडालं म्हणजे बरं झालं, असं मी मानत नाही. घुबडाच्या पिसांना कंगव्यासारखी झालर असते, तिच्यामुळे उड्डाण बिनआवाजी होतं. मोठ्या पिंजऱ्यात डोळे मिटून उभा राहा; पंखांची फडफड ऐकू आली तर उंदरालाही येणार. मग नवी पिसं फुटेपर्यंत थांबायचं. गव्हाणीचे कान वर-खाली असतात, त्यावरूनच ती गडद अंधारात उंदीर हेरते. पाचोळ्यात लपवलेलं भक्ष्य आवाजावरून पकडता आलं पाहिजे.

सोडायचं ते सापडलं त्याच परिसरात, पोटभर खाऊ घालून, पाऊस नसताना, काळोख पडल्यावर. उजेडी सोडलं तर कावळे पाठ सोडत नाहीत. खोकं उघडून बाजूला व्हायचं, बॅटरी आणि फोन बंद. कधी ते अर्धा तास तसंच बसून राहतं. हात लावू नकोस.

येताना जुने सुती टॉवेल आण, धागे निघालेले नकोत, नख्या अडकतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर आधी घेऊन ये.

तुझा,
विनायक