शेफर्ड इमानी की रॉटवायलर?

संपादक महोदय,

फार्महाऊसचे कुंपण पुरे झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जर्मन शेफर्ड घ्यावा की रॉटवायलर? आपल्या पुरवणीतही ‘जास्त इमानी कोण’ यावर वाचकांनी हिरिरीने लिहिले आहे. रखवालीच्या कुत्र्यांना शिकवणे हा आमचा व्यवसाय असल्याने थोडे सांगावेसे वाटते. इमान म्हणताना लोक तीन गोष्टी एकाच तागडीत तोलतात: माणसाची ओढ, जागेची राखण आणि सांगितलेले ऐकणे. या तिन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात सारख्या असतील असे नाही.

शेफर्ड मूळचा मेंढपाळाचा. जर्मनीत बिनकुंपणाच्या शेतांमधून मेंढरे चारताना पिकात तोंड जाऊ नये म्हणून तो दिवसभर बांधाच्या कडेने फेऱ्या मारी आणि एक डोळा मेंढपाळाकडे ठेवी. माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये या जातीची संघटना काढली, तेव्हा दिसण्यापेक्षा कामाला महत्त्व दिले. आजही शेफर्ड धन्याच्या मागे खोल्याखोल्यांतून फिरतो, बाथरूमच्या दाराशी बसून राहतो. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा कुत्रा. गुरे हाकायची, अडेल जनावराला अंगाने रेटायचे, गाडा ओढायचा आणि रात्री राखण करायची, ही त्याची कामे. तो कमी भुंकतो आणि पुष्कळदा स्वतःच्या मनाने ठरवतो. त्याची माया म्हणजे पन्नास किलोचे अंग तुमच्या मांडीला रेलून उभे राहणे. शेफर्डची ओढ डोळ्यांत भरते, रॉटवायलरची भरत नाही, म्हणून ती कमी असते असे नाही.

जातीचा भाग इथे संपतो. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता येतो, असे त्यात दिसले. त्याआधी बुडापेस्टच्या संशोधकांनी बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या, वाढ पुरी झालेल्या कुत्र्यांना एका अनोळखी माणसाबरोबर दहा-दहा मिनिटे, तीनच वेळा राहू दिले. तेवढ्यावर पुष्कळ कुत्री त्या माणसाला आपला समजू लागली. पोलीस किंवा लष्करातल्या श्वानाला हाताळणारा माणूस बदलला तरी काही आठवड्यांत तो नव्या माणसाबरोबर काम करू लागतो, ते यामुळेच.

आता फार्महाऊसवरची नेहमीची व्यवस्था पाहा. मालक शनिवारी येणार, भाकरी माळी टाकणार, दिवसभर चार फुटी साखळी, रात्री मोकळा. कुत्रा खाल्ल्या मिठाला जागतो. पण इथे मीठ माळ्याचे आहे. मग मालक दारात आला की कुत्रा गुरगुरतो आणि खापर जातीवर फुटते. खाण्यापेक्षाही रोज फिरवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या हाताला कुत्रा जास्त मानतो. पिल्लू आणल्यावर पहिले तीन आठवडे घरातल्या प्रत्येकाने (मुलांनी मोठ्यांच्या देखत) रोजच्या खाण्यातला काही भाग हाताने द्यावा, ‘बस’ म्हणून बसल्यावरच. पट्टाही आळीपाळीने सगळ्यांनी धरावा. मोठ्या शेफर्डला दिवसाला दीड ते दोन तास हवेत, त्यांतला थोडा वेळ वास शोधणे, वस्तू आणणे अशा डोक्याच्या कामाचा. रॉटवायलरला तासभर पुरतो, तोही उन्हाआधी. काळ्या, वजनदार अंगाला एप्रिल-मेचे ऊन सोसत नाही.

दोन्ही जाती बिघडतात त्या निरनिराळ्या वाटेने. शेफर्ड बिघडतो तो फाटकावर. पार्सलवाला येतो, कुत्रा भुंकत फाटकावर धावतो, पार्सलवाला सामान ठेवून निघून जातो. तो जाणारच होता. पण कुत्र्याच्या हिशेबी त्याला आपण पळवले. दिवसातून पाच वेळा असे जिंकलेला शेफर्ड सहा महिन्यांत फाटक उघडे दिसताच अंगावर जातो, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, ‘काय राखण करतो!’ यावर उपाय म्हणजे जाळीच्या फाटकाला कुत्र्याच्या डोळ्याच्या वरपर्यंत, साधारण चार फूट, पत्रा मारावा, पार्सल ठेवायला बाहेर पेटी लावावी आणि दोन-तीनदा भुंकल्यावर हाक मारून जवळ बोलवावे, आला की बक्षीस द्यावे. न आल्यास लांब दोरीवर हेच शिकवावे.

रॉटवायलरचे बिघडणे दिसत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचे. तो भांडे, सोफा किंवा दार धरून बसतो. कुणी जवळ आले की खाणे थांबते, तोंड मिटते, मान ताठ होते, नजर खिळते. क्वचित बारीक गुरगुर. बहुतेक घरांत या गुरगुरीबद्दल काठी बसते. काठीने गुरगुर जाते, मनातली भीती जात नाही. पुढच्या वेळी तो इशारा न देताच चावतो. त्यापेक्षा लहानपणापासून, तो जेवत असताना, जवळून जाताना भांड्यात मटणाचा एखादा तुकडा टाकत जावे. माणूस जवळ आला की काही मिळते, जात नाही, हे त्याला पटले पाहिजे. मोठा कुत्रा आधीच ताठरत असेल तर हा प्रयोग स्वतः करू नये, जाणकाराला बोलवावे.

पाहुणा आल्यावर कुत्रा पट्ट्यावर आणि बसलेला हवा. पाहुण्याने त्याच्याकडे बघू नये, हात पुढे करू नये. पाच-दहा मिनिटांनी कुत्रा सैलावला की त्याला वास घेऊ द्यावा. ‘छू’ म्हणून रस्त्यावरच्या माणसांवर सोडण्याची करमणूक काही ठिकाणी चालते. तसा कुत्रा पुढे कुणावर जाईल हे सांगता येत नाही. पाळीव जनावराबाबत असा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हाच. पहिल्या खेपेचा दंड मात्र अजून दहा ते पन्नास रुपये.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकता येत नाही, तरी पाच आठवड्यांची पिल्ले सर्रास विकली जातात. आईपासून लवकर तुटलेले पिल्लू चावा आवरायला शिकत नाही, आणि दोन ते साडेतीन महिन्यांचा शिकण्याचा काळ साखळीवर गेला तर जन्मभर बुजरे राहते. बुजरा रखवालदार हाच सर्वात जास्त चावतो. दोन्ही जातींत खुब्याचा दोष असतो, म्हणून आई-बापांचे वर्षानंतर काढलेले खुब्याचे एक्स-रे मागावेत. नुसते जातीचे ‘पेपर’ दाखवून भागत नाही. रॉटवायलरच्या पिल्लांना पार्व्हो (उलट्या-हगवणीचा जीवघेणा विषाणूरोग) फार लवकर धरतो, तेव्हा सोळा आठवड्यांपर्यंतचे लसीचे डोस चुकवू नयेत. शेफर्डला गोचिडांचा ताप जड जातो. आणि दोघांनाही जेवणानंतर दोन तास पळवू नये. पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि ओकारीचे उमाळे येऊनही काही पडत नसेल तर पोटाला पीळ बसल्याची शंका घ्यावी. सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा.

केंद्राने मार्च २०२४ मध्ये तेवीस जातींवर बंदीचे पत्रक काढले. त्यात रॉटवायलर होता, शेफर्ड नव्हता. उच्च न्यायालयांनी ते महिनाभरात रद्द ठरवले. फाटकावर माजलेला शेफर्ड त्या यादीत कधीच सापडला नसता, हे आमच्या मते पत्रकाचे मोठे अपुरेपण होते.

आमचे मत विचाराल तर, घरात रोज माणूस असेल, लहान मुले आणि येणेजाणे असेल आणि फिरवायला वेळ असेल, तर शेफर्ड. पहिलाच कुत्रा असेल तर रॉटवायलर नको. त्याला आधी कुत्री सांभाळलेला, न ओरडता ठाम राहणारा माणूस लागतो. आणि शनिवार-रविवारच्या फार्महाऊसला दोन्ही नकोत. तिथे राहणाऱ्या कुटुंबाची, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली दोन गावठी कुत्री ठेवावीत. चाहूल लागताच ती गलका करतात, ऊन सोसतात आणि त्यांची माणसे रोज त्यांच्यासमोर असतात.

आपले,
काही श्वानप्रशिक्षक, नाशिक