संमती आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सार्वजनिक जीवनातल्या धार्मिक प्रथांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘ज्याला नको त्याने बाजूला व्हावे, सक्ती कुठे आहे?’ ऐकायला हे रास्त वाटते. पण शाळेत काय घडते ते पाहा. परिपाठाला सगळा वर्ग हात जोडून प्रार्थना म्हणतो आहे आणि एकच मूल तोंड मिटून उभे आहे, नाहीतर व्हरांड्यात पाठवले गेले आहे. बाकीची मुले डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघतात. मधल्या सुट्टीत ‘तू का नाही म्हणत?’ हा प्रश्न त्यालाच येतो. सवलत पालकांच्या अर्जावर मिळते, झळ मात्र त्या आठ वर्षांच्या पोराला बसते.

आपल्या संविधानाने हे ओळखले होते. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देताच येत नाही. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला कोणाला बसवायचे तर त्याची, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची, संमती लागते. म्हणजे विचारण्याची जबाबदारी शाळेची आहे. आपण व्यवहारात नेमके उलटे करतो : सगळ्यांना गृहीत धरतो आणि नकार देण्याचे ओझे एकट्यादुकट्यावर टाकतो. हा मला मोठा अन्याय वाटतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. ती जेमतेम २२ शब्दांची होती, कोणत्याही एका पंथाची नव्हती, न म्हणण्याची मुभाही होती. तरीही, अधिकृत प्रार्थना रचणे हे सरकारचे काम नाही, असे न्यायालयाने बजावले. उलट इटलीतल्या वर्गांमधला क्रूस युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये राहू दिला. भिंतीवरचे ते चिन्ह निष्क्रिय आहे, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. सरकारी भिंतीवर काय टांगायचे हे सरकारच ठरवते, आणि मुलांना ते कळते.

बहुसंख्याकांच्या सणांना, मिरवणुकांना माझा विरोध नाही. रस्ता सर्वांचा आहे; ध्वनिक्षेपकाचे आणि वेळेचे नियम सर्व धर्मांना सारखे लावले की झाले. शाळा, न्यायालय, सरकारी कचेरी यांची गोष्ट वेगळी. तिथे राज्यसंस्था बोलत असते, आणि तिच्यापुढे उभा असलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. शिवाय बहुसंख्य कोण हे तरी कुठे कायम असते? अल्पसंख्याकांचा दर्जा राज्यनिहाय ठरवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सांगितले. एका राज्यातला बहुसंख्य समाज दुसऱ्या राज्यात अल्पसंख्य असतो. तिथे आपल्या मुलासाठी जे मागाल, ते इथे दुसऱ्याच्या मुलाला द्या.

शिक्षण खात्याने एवढे तरी करावे : मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांत उपासना असेल तर प्रवेशाच्या वेळीच पालकांची लेखी संमती घ्यावी, उपासना परिपाठाबाहेर ठेवावी, आणि परिपाठात संविधानाची उद्देशिका आणि सर्वांना म्हणता येतील अशीच गाणी असावीत.

आपला,
एक वाचक