लेडीज डब्यातल्या सगळ्यांना थँक्यू!
काल दादरहून ठाणे लोकलमधे माझी एलपी (गाण्यांची मोठी रेकॉर्ड) चेपणार हे नक्कीच होतं, पण सीटवरच्या काकूंनी न विचारताच पिशवी मांडीवर घेतली, त्या घाटकोपरला उतरल्या तर शेजारणीच्या मांडीवर देऊन गेल्या, आणि मुलुंडला दोघीतिघींनी 'सरका गं, रेकॉर्ड फुटेल तिची' ओरडत दारापर्यंत वाट करून दिली, नाव एकीचंही माहीत नाही! कव्हरचा कोपरासुद्धा दुमडला नाहीये.
अ‍ॅबा या स्वीडिश पॉप बँडचा व्हॉयेज अल्बम आहे हो, १९८१ च्या अल्बमनंतर थेट २०२१ ला आलेला. त्यातल्या जस्ट अ नोशन गाण्यातले आवाज १९७८ चे, वाजवणं नवीन, पण मला बँडच्या गायिका अग्नेथा-फ्रिडाचे आताचे खाली उतरलेले सूरच जास्त भावले. ख्रिसमसचं गाणं मात्र स्किप, सॉरी.
आणि चोरबाजारातल्या चाचांनी रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलच्या बेल्टचेच पैसे घेतले, मजुरी नाही, त्यांनाही सलाम.