तुमच्या मरीन प्लायने माझ्या होडीचा पत्रा खाल्ला, त्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग
प्रत : तांत्रिक सल्ला विभाग

विषय : अ‍ॅल्युमिनियमच्या होडीसाठी चुकीचा लेखी सल्ला देऊन प्लायवूड विकल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत.

संदर्भ : आपले बिल व माहितीपत्रक, आपल्या तांत्रिक सल्लागारांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि तक्रार निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

आपलं पत्र मिळालं. ‘सदर प्लायवूड आय.एस. ७१० या मानकानुसार असून त्यात कोणताही उत्पादनदोष आढळून आलेला नाही, सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे,’ असं त्यात लिहिलं आहे. वाचून आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. प्लायचे थर सुटले, प्लाय फुगलं, त्याला वाळवी लागली, असं मी कधी म्हटलेलंच नाही. प्लाय ठणठणीत आहे. मरीन प्लायच्या या मानकाच्या चाचणीप्रमाणे ७२ तास उकळलं तरी ते सुटत नाही, हेही मला मान्य आहे. त्या प्लायने खालचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खाल्ला, ही माझी तक्रार आहे. आणि ते पत्र्यावर थेट बसवा, मध्ये काही लावू नका, असं तुमच्याच माणसाने मला लेखी कळवलं होतं. या दोन्ही गोष्टींबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही.

पाहणीला आलेल्या तुमच्या साहेबांनी अहवालात माझा उल्लेख ‘हौशी ग्राहक’ असा केला आहे. होडीच्या बाबतीत हौशी म्हणा, हरकत नाही. पत्र्याच्या बाबतीत म्हणू नका. एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, बॉडी विभागात माझी नोकरी झाली. लाल गाड्यांची अंगं अ‍ॅल्युमिनियमची असायची, त्या काळातला मी. एकाने बाहेरून रिव्हेट ठोकायचा, दुसऱ्याने आतून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरायची आणि डोकं नीट बसलं की नाही ते आवाजावरून ओळखायचं, हे आमचं रोजचं काम. लोखंडी चॅनलवर अ‍ॅल्युमिनियम चढवताना मध्ये प्रायमर राहून गेला तर पुढे काय होतं, तेही जुन्या गाड्या उघडताना रोज दिसायचं. म्हणूनच माल घेण्याआधी मी तुम्हाला प्रश्न विचारला होता.

होडीची माहिती तुमच्या फाइलमध्ये ‘मेटल बोट, जुनी’ एवढीच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ती चौदा फुटी आहे, चपट्या तळाची, सगळी रिव्हेटवर जोडलेली. बंद पडलेल्या एका जलक्रीडा केंद्राच्या भंगारातून मी ती घेतली. मी दौंडला राहतो. तिथून भिगवण जवळ आणि भिगवणला उजनीचा फुगवटा. निवृत्तीनंतर गळ टाकून बसायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. भंगारवाल्याने होडी वजनावर दिली. त्याच्या दृष्टीने तो नुसता पत्रा होता. मी आधी तिच्या पोटात पाणी भरलं आणि खाली आडवा पडून बाहेरून जिथे जिथे थेंब दिसला तिथे तिथे खडूने खूण केली. गळती शोधायची ही जुनीच रीत आहे. पाणी बाहेरून आत शोधत बसण्यापेक्षा आतून बाहेर शोधलं की गळका रिव्हेट स्वतःच सांगतो. ढिले रिव्हेट पुन्हा ठोकले, अगदीच गेलेले ड्रिल मारून काढले आणि नवीन भरीव रिव्हेट घातले. सांध्यांत सीलंट भरलं. तळाचा पत्रा तेव्हा चौदा गेज जाडीचा, सरळ आणि निरोगी होता. त्या वेळचे फोटो सोबत आहेत. त्यांत तुम्हाला एकही खड्डा दिसणार नाही.

खराब झालं होतं ते फक्त लाकूड. मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, ती आतून कुजून हाताने चुरा होत होती. तिथे १९ मिलिमीटरची दोन प्लाय एकमेकांना चिकटवून नवी फळी करायची होती. तळावर १२ मिलिमीटरची फरशी, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, उभं राहून गळ फेकता येईल असा सपाट ओटा, ओट्याखाली बॅटरीचा कप्पा आणि कडेने गळाच्या काठ्या उभ्या राहतील असे पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढी माझी आखणी होती. मागच्या फळीची कामगिरी साधी नसते. इंजिनाचं वजन आणि चालतानाचा सगळा जोर तीच सोसते. त्यामुळे ‘सातशे दहा’ नंबरचंच प्लाय हवं, हे पक्कं होतं. तुमचं निवडलं, कारण तुमच्या माहितीपत्रकावर ‘लाकडी, फायबर व धातूच्या बोटींसाठी’ असं छापलेलं आहे. त्याच ओळीच्या वर एका चकचकीत धातूच्या होडीचं चित्रही आहे.

तरीही मी विचारलं. तुमच्या सल्लागारांना पाठवलेला माझा प्रश्न जसाच्या तसा असा : ‘होडी अ‍ॅल्युमिनियमची आहे. आतून वॉश प्रायमर आणि वर रंग मारून मग प्लाय बसवू का? की मध्ये रबराची पट्टी घालू?’ त्यांचं उत्तर असं : ‘गरज नाही सर. आपलं प्लाय ट्रीटेड आहे. मेटलवर डायरेक्ट बसवा. प्रायमर मारला तर आपलं अ‍ॅढेसिव्ह धरणार नाही.’ माझ्या शेडमध्ये प्रायमरचा डबा आणून ठेवलेला होता. हा संदेश आला म्हणून तो तसाच राहिला.

पावसाळा संपल्यावर बॅटरीची वायर ओट्याखालून मागे न्यायची होती, म्हणून फरशीचे स्क्रू काढले. प्लाय उचललं तर खाली रांगोळी सांडावी तशी पांढरी पूड पसरलेली. ओल्या जागी तिचा चिकट थर झाला होता. तारेच्या ब्रशने ती झाडली तेव्हा पत्र्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, काही त्याहून मोठे. मागून दुसऱ्या रिबेजवळ, म्हणजे तळाला बळकटी देणाऱ्या आडव्या पट्टीजवळ, टाचणी आरपार गेली. रात्री होडी उलटी करून आत टॉर्च लावला, तर तळातून उजेडाचे ठिपके बाहेर दिसत होते. मागच्या फळीमागे तर पत्रा सालपटासारखा निघाला.

आता यातली खरी गोष्ट बघा. तुमच्या साहेबांनी ती पाहिली, पण अहवालात घेतली नाही. मधल्या बाकाखाली मी प्लाय घातलं नव्हतं. तिथला पत्रा स्वच्छ आहे. पाणी तेच, ऊन तेच, होडी तीच, रिब ओलांडली की पत्रा शाबूत. जिथपर्यंत प्लाय टेकलं होतं तिथपर्यंतच पत्रा खाल्ला गेला आहे आणि प्लायच्या कडेची रेषा पत्र्यावर उमटलेली आहे.

तुम्ही कारण दिलंय ‘स्थानिक पाण्याची गुणवत्ता’. उजनीचं पाणी कसं आहे ते तुम्ही मला सांगायला नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नदीवाटे कुठे येऊन साठतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण दोष पाण्याचा असता तर होडीचा पत्रा बाहेरून आधी गेला असता. बाहेरची बाजू पाण्यातच असते. घाटावर ओढताना जिथे रंग खरवडून उघडा पत्रा दिसतोय, तिथेही खड्डा नाही.

खरं कारण तुमच्याच माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत आहे : प्लायवर तांबं-क्रोम-बोरॉनयुक्त रसायनाची प्रक्रिया केलेली आहे. प्लाय कापल्यावर कडेला जी हिरवट झाक दिसते ती त्याचीच. बुरशी आणि वाळवीला ते मारक, याबद्दल वाद नाही. पण प्लाय ओलं राहिलं की त्यातलं थोडं थोडं तांबं पाण्यात उतरतं आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमवर जाऊन बसतं. दोन धातू, मध्ये ओल, म्हणजे लहानशी बॅटरीच तयार झाली. अशा जोडीत अ‍ॅल्युमिनियमच झिजतं आणि तांबं तसंच राहतं. पांढरी पूड म्हणजे झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम. होडीच्या फरशीखाली ओल असतेच, ती कधी पुरती सुकत नाही. तुमच्या ग्राहक सेवेतल्या ताईंनी मला फोनवर विचारलं, ‘सर, प्लायला पाणी लागलं होतं का?’ ताई, ती होडी आहे.

हे मी मनाने ठरवलेलं नाही. उरलेल्या प्लायचा तुकडा आणि नव्या पत्र्याची कातरण एकत्र बांधून बरणीत पावसाच्या पाण्यात ठेवली. शेजारच्या बरणीत तसाच पत्रा साध्या, प्रक्रिया न केलेल्या सागाच्या तुकड्याला बांधून ठेवला. दोन्ही बरण्या शेडमध्ये आहेत, येऊन बघा. सागाशेजारचा पत्रा जरा मळकट झाला आहे, एवढंच. प्लायशेजारच्या पत्र्याचं काय झालं ते फोटोत आहे.

माझा भाचा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तो तळ्यांचा मुलुख, तिथे अशा होड्या लोकांच्या दारात उभ्या असतात आणि जुन्या होड्या घरच्या घरी दुरुस्त करणं हा कित्येकांचा सुट्टीचा उद्योग. त्याला फोटो पाठवल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मामा, ट्रीटेड लाकूड वापरलंत का?’ तिकडे घरगुती वापराच्या लाकडातलं आर्सेनिकवालं मिश्रण २००३ च्या अखेरीस बंद झालं. त्याच्या जागी जी मिश्रणं आली त्यांत तांब्याचं प्रमाण जास्त. अशा लाकडाला अ‍ॅल्युमिनियम थेट टेकवू नका, ही सूचना तिथे लाकूड विकणारेच देतात. म्हणजे ही काही गूढ विद्या नाही. ज्या धंद्यात तुम्ही आहात, त्या धंद्यातली ही प्राथमिक माहिती आहे.

तुम्ही फोनवर देऊ केलेला तोडगा मी पत्रात आवर्जून नोंदवतो : ‘सदिच्छा म्हणून तेवढीच नवीन प्लाय मोफत देऊ.’ म्हणजे उरलेला पत्राही खाऊन टाकायला! हा प्रस्ताव मला मान्य नाही.

माझं म्हणणं असं. प्लायचे १३,२०० रुपये आणि अ‍ॅढेसिव्हचे २,१५० रुपये परत करा. तळाचा आणि मागचा खराब पत्रा कापून नवा घालायला, आर्गन वेल्डिंगसह, २६,५०० रुपयांचं अंदाजपत्रक बारामतीच्या वर्कशॉपने दिलं आहे, तो खर्च द्या. एकूण ४१,८५० रुपये. माझ्या मजुरीचा एक रुपयाही मी यात धरलेला नाही, कारण ते काम मी आवडीने केलं होतं.

दुसरी मागणी पैशाची नाही, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. माहितीपत्रकातला ‘धातूच्या’ हा शब्द काढा, नाहीतर त्याच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा की अ‍ॅल्युमिनियमवर बसवताना मध्ये प्रायमर, रंग आणि पाणी न शोषणारा थर आवश्यक आहे. तुमच्या सल्लागारांनाही तसं लेखी कळवा. माझी होडी हौसेची आहे. टाचणी आरपार गेली ती घरच्या शेडमध्ये. पण माझं काम बघून भिगवणकडच्या एका मच्छीमाराने तुमच्याच प्लायची चौकशी केली होती. त्याची होडी म्हणजे त्याचं पोट आहे. तो पहाटे अंधारात, वारा असताना, जाळ्याचं वजन घेऊन मधोमध जातो. त्याला मी थांबवलं. इतरांना कोण थांबवणार?

कायद्याचंही बोलून घेतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे, नुकसान टाळण्यासाठी योग्य वापराची पुरेशी सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा उत्पादनासोबत नसेल, तर उत्पादक जबाबदार ठरतो. ‘मानकानुसार आहे’ हे त्यावरचं उत्तर होत नाही. शिवाय माझं नुकसान तुमच्या प्लायचं झालेलं नाही, त्या प्लायमुळे माझ्या दुसऱ्या वस्तूचं झालं आहे, आणि कायद्याला हा फरक कळतो. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, मी नोंद केलेली आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर पुढचा कागद आयोगाकडून येईल.

पुन्हा पाहणी करायची असेल तर जरूर करा. होडी शेडमध्ये उलटी ठेवली आहे, काढलेलं प्लाय कोणत्या जागेवरचं ते खडूने लिहून बाजूला उभं केलं आहे आणि वेल्डिंगला मी अजून हात लावलेला नाही. मात्र या वेळी येणाऱ्या माणसाला ओल मोजायचं यंत्र देऊन पाठवू नका, प्लाय ओलं होतं यावर आपला वाद नाही. धातू कळणारा माणूस पाठवा, आणि येण्याच्या आदल्या दिवशी फोन करायला सांगा.

कळावे,

आपला,
(सही)
दौंड, जि. पुणे

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे पहिले व शेवटचे पान, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांची छापील प्रत, दुरुस्तीआधीचे व नंतरचे फोटो, वेल्डिंगचे अंदाजपत्रक.