थायमस बिनकामाची नव्हे

रविवारच्या आरोग्य पुरवणीतील मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजारावरील लेख वाचला. संध्याकाळ होता होता मिटू लागणाऱ्या पापण्या, भाकरी चावतानाच थकणारा जबडा ही लक्षणे लेखात नेमकी आली आहेत. मात्र या आजारात कधी कधी काढली जाणारी, छातीतील प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथी मोठेपणी बिनकामाची असते, हे विधान खटकले. ग्रंथीत थायमोमाची गाठ असेल तर ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सहसा करावीच लागते. गाठ नसलेल्या काही रुग्णांनाही तिचा फायदा होतो. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के पाच वर्षांत दगावले. थायमस न काढता छातीची तशीच शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण २.८ टक्के होते. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, म्हणजे त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. तरीही हृदयशस्त्रक्रियेत केवळ आड येते म्हणून थायमस काढण्याआधी शल्यविशारदांनी हे आकडे विचारात घ्यावेत.

– एक वाचक, सातारा