यंदा नवतप्याआधी घर सोडा

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेलच. फोनवर बाबा "पाहू नं बाप्पा, मे तं येऊ दे" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई पापडाच्या पिठाचं सांगायला लागते, आणि विषय तिथेच मरतो. कागद हातात असला की बाबा तो शेवटपर्यंत वाचतात, चुका काढायला का होईना. म्हणून लिहितेय.

या उन्हाळ्यात तुम्ही दोघांनी पंधरा दिवस डोंगरात राहायला यायचं आहे. मी सोबत असेन. कुठे, कधी, कसं, याचा विचार करून ठेवलाय. तो नीट वाचा, मग भांडा.

आधी बाबांची कारणं निकालात काढते. संत्र्याच्या बागेला पाणी कोण देईल, हे पहिलं. बाबा, तुम्ही मृग बहार घेता. आंबिया बहार असता तर मी तोंडही उघडलं नसतं, कारण उन्हाळ्यात त्याचं एक पाणी चुकलं तरी फळ गळतं. मृगाची बाग मे महिन्यात ताणावरच असते. पाणी तुम्हीच तोडता. मग त्या दिवसांत बागेत जाऊन तुम्ही झाडांकडे नुसतं पाहता, एवढंच ना? पऱ्हाटी तोवर उपटून झालेली असेल, नांगरटीचं ट्रॅक्टरवाल्याशी बोलून ठेवा. बियाणं मृगाच्या तोंडावर घ्यायचं असतं आणि मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. आपण मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघू आणि महिनाअखेरीला तुम्ही घरी. म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते सगळ्यात तापते नऊ दिवस, लागेल तेव्हा तुम्ही वर डोंगरात असाल. बैलांना आणि गाईला काका बघतो म्हणाला आहे, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

आईचं कारण म्हणजे वाळवण. कुरडया, सरगुंडे, पापड हे सगळं तू रामनवमीच्या आसपास उरकतेस, मला माहीत आहे. लोणच्याच्या कैऱ्या परत आल्यावर.

आता जागेचं. धाकटा मनालीचं पॅकेज पाठवतोय, आईला बद्री-केदार हवंय, आणि बाबांचं म्हणणं, जायचंच असेल तर आपला चिखलदरा काय वाईट आहे. तिघांचंही ऐकून घेतलं.

चिखलदरा वाईट नाहीच. भीमकुंड, गाविलगड, कॉफीची झाडं, आणि आर्वीहून सकाळी निघालं की दुपारी पोहोचतो. पण बाबा, तुम्ही शाळेत शिकवायचात तो हिशोब इथे लावा. हजार मीटर वर चढलं की ढोबळमानाने साडेसहा अंश तापमान उतरतं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या थोडं वर. फरक आठशे मीटर, म्हणजे पाच अंश. आपल्याकडे 44 असेल त्या दिवशी चिखलदऱ्यात 38-39. रात्री बरं वाटेल, पण दुपारी तिथेही पंख्याखाली पडून राहायचं. हा काही आराम नाही, बाज एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेल्यासारखं आहे. चिखलदऱ्याला पावसाळ्यात जावं, दऱ्यांतून ढग वर येतात तेव्हा.

पचमढीचंही तेच. उंची जवळजवळ तेवढीच, 1,067 मीटर. तुमच्या तरुणपणी तुम्ही नागद्वारच्या यात्रेला पायी गेलात, भजनं म्हणत, पावसात भिजत, आणि "काय थंडी होती" हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण ती यात्रा नागपंचमीची. पावसाळ्याच्या आठवणीवर मे महिन्याचा बेत आखू नका. धूपगडावरून सूर्यास्त छान दिसतो, पण सूर्य आपल्याकडेही रोज मावळतो, त्याच्यासाठी छिंदवाड्याचा घाट चढायला नको.

महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटरवर, थोडं बरं. पण मे महिन्यात तिथे सगळी मुंबई आणि पुणे उतरलेलं असतं, आणि आपल्याला आडवा महाराष्ट्र ओलांडून जायचं. तेवढ्या प्रवासात हिमालय गाठता येतो.

म्हणजे हिमालयच. फक्त हिमालयात कुठे, हे नावावरून ठरवायचं नाही असं मी ठरवलंय. तीन गोष्टी पाहिल्या. उंची अठराशे ते दोन हजार मीटरच्या आसपास हवी. त्याहून कमी असेल तर ऊन लागतं, आणि अडीच हजारांच्या वर विरळ हवेचा त्रास काहींना सुरू होतो. दुसरं, खोलीतून बाहेर पडलं की चालायला सपाट जागा हवी. तिसरं, दवाखाना गाडीने तासा-दोन तासांच्या आत हवा.

या हिशोबात धाकट्याची मनाली उंचीत बसते, पण पॅकेजवाले तिथून रोहतांगला नेतात, तो 3,978 मीटरवर. बर्फात भाड्याचे बूट घालून फोटो काढायचे आणि दिवसभर गाड्यांच्या रांगेत बसायचं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू असताना मला ते नको. आणि पॅकेजमध्ये सकाळी सहाला हॉटेल सोडा, रात्री दुसऱ्या हॉटेलात उतरा. तुम्हाला माणूस म्हणून नेतात की पार्सल म्हणून, कळत नाही. आपल्या गावातून मागे जे गेले होते ते परत येऊन आठ दिवस झोपले, हे आईनेच सांगितलं होतं मला.

आई, केदारनाथचं मला खरंच वाईट वाटतं. पण ते साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि शेवटची चाल सोळा किलोमीटरच्या आसपास. तुझे गुडघे आपल्या माळवदाच्या जिन्यावर कुरकुरतात. बद्रीनाथला गाडी दारापर्यंत जाते, त्याचं पुढे कधी दिवाळीआधी पाहू, डॉक्टरांना विचारून. यंदा तुझ्यासाठी मी दुसरं काही शोधलंय.

मी ठरवलंय ते गाव कौसानी. उत्तराखंडात, कुमाऊँ भागात, अल्मोड्याच्या पुढे पन्नासेक किलोमीटर. उंची 1,890 मीटर. मे महिन्यात दुपार एरवी तिशीच्या आत आणि रात्र पंधराच्या आसपास, म्हणजे रात्री रजई लागते. मे महिन्यात रजई! बाबा, तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून प्रत्यक्षच या.

कौसानीच का? बाबा, हे खास तुमच्यासाठी. 1929 च्या जूनमध्ये गांधीजी तिथे एका चहाच्या मळ्याच्या बंगल्यात विसाव्याला राहिले आणि ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतेच्या अनुवादाची प्रस्तावना त्यांनी तिथे लिहिली. तो बंगला म्हणजे आजचा अनासक्ती आश्रम. पण त्याहून जवळची गोष्ट सरलाबेनची. लंडनमध्ये जन्मलेली कॅथरीन हेलमन 1932 मध्ये भारतात आली, पुढे सेवाग्रामला राहिली, सरलाबेन झाली. आणि आपल्या वर्ध्याचं ऊन आणि मलेरिया तिला सोसवेना, म्हणून गांधीजींच्या संमतीने ती कौसानीच्या बाजूला गेली. तिथे तिने 1946 मध्ये मुलींसाठी लक्ष्मी आश्रम काढला, गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीच्या धर्तीवर, तो अजून चालतो. तुम्ही मला सायकलवर बसवून सेवाग्रामला न्यायचात, बापूकुटीच्या मातीच्या भिंतीला हात लावायला सांगायचात. वर्ध्याच्या उन्हावर उपाय म्हणून कौसानी हा सल्ला म्हणजे माझ्या डोक्यातून निघालेला नाही. तुम्हाला माझं ऐकायचं नसेल तर बापूंचं ऐका.

खरं तेही सांगते. लोक कौसानीला जातात ते त्रिशूल, नंदादेवी, पंचाचूलीची बर्फाची शिखरं बघायला. मे महिन्यात ती दिसतीलच असं नाही. त्या दिवसांत हवेत धुरकट पडदा असतो, चिडाच्या जंगलात वाळलेली पानं, तिकडे पिरूल म्हणतात, पेट घेतात आणि धूर दरीत बसून राहतो. एखादी वळवाची सर आली की सकाळी आकाश धुऊन निघतं आणि मग सगळी रांग उभी राहते. शिखरांसाठीच जायचं तर ऑक्टोबर चांगला. पण ऑक्टोबरात तुमचं सोयाबीन निघतं आणि कापूस वेचणीला येतो, आणि आपण थंडाव्यासाठी जातोय.

आई, तुझ्यासाठी जागेश्वर. अल्मोड्यापासून पस्तीसेक किलोमीटर, देवदाराच्या दाट जंगलात शंकराची सव्वाशेच्या घरात लहानमोठी देवळं, आणि रस्त्यावरून आत गेलं की जवळजवळ सपाटच. तिथले लोक त्यालाच नागेश ज्योतिर्लिंग म्हणतात. आपलं औंढा नागनाथ काय मग, हा वाद तू पुजाऱ्याशी घाल, मी बाजूला उभी राहून ऐकेन. कौसानीहून खाली वीसेक किलोमीटरवर गोमतीच्या काठी बैजनाथ आहे, तिथली काळ्या पाषाणातली पार्वती पाहण्यासारखी आहे. पण ती जागा खोलात आहे, तिथे ऊन लागेल, सकाळीच जाऊन येऊ.

आता प्रवास. सेवाग्रामहून रात्रीच्या गाडीने दिल्ली. मी स्टेशनवर घ्यायला येते. दिल्ली मे महिन्यात तुमच्यापेक्षा फार बरी नाही, तेव्हा एक दिवस माझ्याकडे कूलरसमोर काढू आणि रात्री रेल्वेने काठगोदाम. सकाळी तिथे उतरलं की टॅक्सी. इथून पुढे वळणांचा रस्ता आहे, आणि आईला घाट नसतानाही एस.टी.त मळमळतं. म्हणून एका दिवसात कौसानी गाठायची नाही. पहिला मुक्काम अल्मोड्यालाच, नव्वदेक किलोमीटर. तिथे दोन रात्री, मधल्या दिवशी जागेश्वर, मग कौसानी. भवालीच्या पुढे कैंची धामचं देऊळ लागतं, तिथे हल्ली सुट्टीच्या दिवशी गाड्यांची मैलभर रांग लागते, म्हणून आपण मधल्या वारी जाऊ आणि सकाळी लवकर पार होऊ. अल्मोड्याला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, हेही लिहून ठेवते, लागणार नाहीच.

खोलीसाठी मी फोन केले. डोंगरात हॉटेल म्हणजे रस्ता वर आणि खोल्या उतारावर खाली खाली. "सीढ़ियाँ कितनी हैं?" विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, "बस थोड़ी-सी, मैडम." मग मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, गाडी लागते तिथपासून खोलीच्या दारापर्यंत फोन धरून चाला. तो बिचारा चालत राहिला, धापा टाकत, आणि पायऱ्या काही संपेनात. ते हॉटेल सोडलं. जे ठरवलंय तिथे अंगणात गाडी येते, चार पायऱ्या, कठडा आहे, कमोड आहे, गरम पाणी आहे. बाल्कनीतून दरी दिसते. समोरच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे, बाबांना पहाटे कुठे जायचं याची काळजी नको.

तिथे रोज काहीतरी बघितलंच पाहिजे असं नाही, हे आत्ताच सांगते. सकाळी चिडाच्या झाडांखालून आश्रमापर्यंत चालायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी स्वेटर घालून बसायचं. वाटेत सोमेश्वरची खोरी लागते, कोसी नदीच्या काठची सपाट भातशेती. बाबा, तिथे गाडी थांबवणार हे मला माहीत आहे आणि तुम्ही बांधावर उतरून कुणाला तरी पाण्याचं विचारणार हेही. त्याला अर्धा दिवस वेगळा धरलाय. मेमध्ये बाजारात काफळ आणि जर्दाळू येतात. मडव्याची भाकर मिळते, म्हणजे आपली नाचणीच. भटाची डाळ, म्हणजे काळ्या सोयाबीनची, आई एकदा खाईल आणि म्हणेल, तुरीची सर नाही. अल्मोड्याची बाल मिठाई प्रसिद्ध आहे, बाबांना त्यातला एकच तुकडा, साखर मी मोजणार आहे.

पैशांचं काही बोलायचं नाही. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 पासून बंद आहे, हे बाबा मला परत सांगतील, तेव्हा मीच लिहून टाकते. खालचे बर्थ मात्र ज्येष्ठांच्या कोट्यातून मिळतात, तेवढं पुरे. तिकिटं साठ दिवस आधी उघडतात आणि मेच्या गाड्या पहिल्याच सकाळी भरतात, त्यामुळे "पाहू"ला यंदा जागा नाही. दोघांच्या आधार कार्डांचे फोटो काकाच्या मुलाकडून मला व्हॉट्सॲपवर पाठवा. आईचं कार्ड कपाटात, साडीच्या डब्यात बिलांच्या खाली आहे. बाबा, बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या एकदमच आणून ठेवा, आणि जाण्याआधी वर्ध्याला एकदा डॉक्टरांना दाखवून या. तिथे पाणी प्यायचं विसरू नका म्हणावं लागेल, थंडीत तहान लागत नाही.

तुमची थोरली

ता. क. आई, जाड पायमोजे आणि बाबांची माकडटोपी गाठोड्याच्या वरच ठेव. मागच्या थंडीत मी आणलेली शाल तू अजून घडी मोडली नाहीस म्हणे, तीही घे.