आमच्या मुलांना काम शिकायला जागा द्या

सप्रेम नमस्कार.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या विशेष मुला-मुलींचे पालक. कुणाच्या दाखल्यावर बौद्धिक दिव्यांगत्व लिहिलंय, कुणाच्या ऑटिझम (स्वमग्नता), कुणाच्या सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात). घरातला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. आमच्यातली एक माय दर बैठकीत तो विचारते, "मी शे तवलगून ठीक शे. मन्हा मांगे यानं कोन करी?" म्हणजे मी आहे तोवर ठीक, माझ्यामागे याचं कोण करेल?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो मुलगा १८ वर्षांचा होतो तेव्हा. लहानपणी शाळा असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय आणि विशेष शाळांतल्या बाईंनी आमच्या मुलांसाठी जे केलं ते आम्ही विसरणार नाही. पण अठरा पूर्ण झाले की नाव कमी होतं. आमच्या एका मुलाला न्यायला शाळेची गाडी सकाळी कोपऱ्यावर यायची. नाव कमी झाल्यावरही जूनमध्ये तो पंधरा-वीस दिवस दप्तर घेऊन ओट्यावर बसत होता. गाडी का येत नाही हे त्याला कुणालाच समजावता आलं नाही. पुढच्या दोन वर्षांत शाळेत शिकलेलं एकेक सुटत गेलं. स्वतः शर्टाची बटणं लावणारा मुलगा पुन्हा आईपुढे येऊन उभा राहू लागला. चुकलं कुणाचंच नव्हतं. दिवसभर करायला काही नसलं की हात विसरतात.

दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळा आहेत, पण आमच्या खेड्यांतून रोज जाणं-येणं होत नाही. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव जागा आहेत आणि त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरेंसाठी आहे. पण परीक्षा आणि शिक्षणाच्या अटी ओलांडून तिथवर पोचणारं आमच्यात आज कुणी नाही. आमच्या मुलांचं काम गावातच आहे, असं आमचं ठाम मत झालंय. किराणा दुकानात, वेफर्सच्या कारखान्यात, रोपवाटिकेत, साडीच्या दुकानात. फक्त ते शिकवावं लागतं, आणि वेगळ्या पद्धतीने.

म्हणून आम्ही एका पालकाच्या जुन्या धाब्याच्या घरात केंद्र सुरू केलं. सध्या ११ जण येतात. सर्वात धाकटी १८ वर्षांची, सर्वात मोठा ३१ चा.

केळीचे वेफर्स भरायचं काम कसं शिकवतो ते सांगतो, म्हणजे मदत कुठे लागते ते कळेल. आपल्याला ते एक काम वाटतं. आमच्या मुलांसाठी आम्ही त्याचे तुकडे पाडतो : पिशवीचं तोंड उघडायचं, वाटीने वेफर्स भरायचे, काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, सील करायचं, खोक्यात लावायचं. प्रत्येक तुकड्याचा फोटो भिंतीवर, त्याच क्रमाने. आणि शिकवायला सुरुवात शेवटून. पहिले काही दिवस सगळं आमच्या केंद्रातल्या विशेष शिक्षिका बाई करतात, मुलगा फक्त तयार पाकीट खोक्यात ठेवतो. म्हणजे काम पुरं झाल्याचं समाधान पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताला मिळतं. मग सील करणं, मग काटा, असं एकेक पाऊल मागे येत सगळं काम त्याचं होतं. याला महिने लागतात. एकाला फक्त सील करायला सात आठवडे लागले. आता त्याचं सील आमच्यापेक्षा सरळ येतं.

काट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑटिझम असलेल्या आमच्या एका मुलाला सांगितलं होतं, २०० आलं की थांब. काट्यावर २०३ आलं. त्याने एक वेफर काढला, २०१. दुसरा काढला, १९९. परत टाकला. एका पाकिटावर तो अर्धा तास अडून बसला आणि शेवटी कान झाकून ओरडू लागला. हट्ट नव्हता तो. आम्ही २०० सांगितलं होतं आणि तो २०० करत होता. चूक सांगण्यात होती. मग बाईंनी कार्डावर २०० ते २०५ हे सगळे आकडे हिरव्या रंगात लिहून काट्याला चिकटवले. हिरव्यातला आकडा आला की सील. त्या दिवसापासून त्याचं एकही पाकीट कमी भरलेलं नाही. ज्या कारखानदाराला मापात चोख माणूस हवाय त्याने हा मुलगा येऊन बघावा.

काम म्हणजे नुसतं हाताचं काम नाही. वेळेवर उठायचं, डबा भरून घ्यायचा, एस.टी.वरची पाटी ओळखायची. 'चोपडा' हा शब्द वाचता आला नाही तरी चित्रासारखा ओळखता येतो. गाडी नेहमीच्या फलाटावर लागली नाही तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन काय विचारायचं, याची तालीम आम्ही प्रत्यक्ष स्टँडवर जाऊन करतो. दिव्यांगांना एस.टी.च्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ओळखपत्र स्वतः दाखवायला मुलं शिकलीत. मुलींना पाळीचे दिवस स्वतः सांभाळायला शिकवतो. मुलगे-मुली सगळ्यांना शिकवतो की अंगाला कोण हात लावू शकतं आणि कोण नाही, "नको" मोठ्याने कसं म्हणायचं आणि घरी कुणाला सांगायचं. हे बोलायला आईवडील लाजतात. आम्हीही लाजलो होतो. पण मूल घराबाहेर पडणार असेल तर हे आधी, वेफर्स नंतर. "लग्न लावून द्या, सुधारेल" असा सल्ला देणारे नातेवाईक प्रत्येक घरी असतात. त्यांना हात जोडून सांगतो, तसं करू नका. त्यात दोन आयुष्यं भरडली जातात.

ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. १८ नंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. आमच्यातल्या एका वडिलांना हे एका बँकेच्या काउंटरवर कळलं, मुलगा शेजारी उभा असताना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते; पालकत्वाचा अर्ज तिच्याकडे करायचा. त्याच न्यासाची 'निरामय' ही १ लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. फॉर्म भरायला केंद्रावर या, आम्ही बसून भरून देतो.

आता मागणं.

सर्वात आधी जागा मागतो. तुमचं दुकान, कारखाना, रोपवाटिका असेल तर आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास आमच्या एकाला शिकायला घ्या. पहिले काही महिने आमच्या बाई किंवा एक पालक सोबत उभे राहतील, तुमच्या माणसाचा वेळ जाणार नाही. शहरातल्या एका साडीच्या दुकानात आमची डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालते. लग्नसराईत तिच्यापुढे साड्यांचा डोंगर होतो आणि ती एकही घडी वाकडी सोडत नाही. शिकणं संपून काम सुरू झालं की मजुरी द्या, थोडी का होईना, पण इतरांसारखी पाकिटात आणि तिच्या हातात. रोपवाटिकेत पिशव्या भरणाऱ्या आमच्या मुलाने पहिल्या मजुरीतून सलूनमध्ये एकट्याने जाऊन केस कापून घेतले आणि पैसे स्वतः दिले. २४ वर्षांत पहिल्यांदा वडील सोबत नव्हते.

पैसे लागतात ते मुख्यतः बाईंसाठी. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या त्या विशेष शिक्षिका आहेत. आज आम्हाला त्या आठवड्यातून दोनच दिवस परवडतात, आणि बुधवारी शिकवलेलं सोमवारपर्यंत अर्धं पुसलेलं असतं. त्या पाच दिवस याव्यात म्हणून महिन्याला १२,००० रुपये मानधन उभं करायचंय. एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा वर्षभर दरमहा १०० किंवा २०० रुपये देणारी माणसं आम्हाला जास्त हवीत, कारण मधेच थांबलेलं शिकवणं आमच्या मुलांना फार महागात पडतं.

वस्तूंमध्ये चालू स्थितीतला आणखी एक इलेक्ट्रॉनिक काटा, पायाने दाबायचं सीलिंग मशीन, आणि संडासात धरायला दांडा बसवून पायरीच्या जागी उतार करून देणारा गवंडी हवाय. जुने कपडे कृपया देऊ नका. वाढदिवसाला जेवण देणाऱ्यांचा आम्ही मान राखतो, पण विनंती अशी की तो खर्च बाईंच्या एका दिवसाच्या मानधनाला द्या.

वाळवणाचे दिवस येताहेत. उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचे बिबडे यांची ऑर्डर आम्हाला द्या. लाटायला आणि चिक शिजवायला आया आहेत. पसरणं, उलटणं, मोजणं, पाकिटं भरणं मुलं करतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यांच्यासोबत द्यायलाही घेता येईल.

आणि निवृत्त मंडळींनो, तुमचा वेळ द्या. एस.टी.तून निवृत्त झालेला एखादा कंडक्टर महिन्यातून दोनदा मुलांसोबत प्रवासाला आला तर आम्ही पालक सहा महिन्यांत शिकवू शकलो नाही ते तो शिकवेल. शिलाई येणारी ताई, हिशेब येणारे गुरुजी, कुणीही चालेल. मुलांशी कसं बोलायचं ते आम्ही सांगू. वाक्य छोटं ठेवायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि तीस वर्षांच्या माणसाला "बाळ" म्हणायचं नाही.

प्रत्येक रुपयाची पावती मिळेल. महिन्याचा जमाखर्च केंद्राच्या दारावर लावलेला असतो. मुलांचे फोटो त्यांच्या पालकांना आणि त्यांना स्वतःला विचारल्याशिवाय काढू नका. दर शनिवारी दुपारी ३ ते ५ केंद्र सर्वांसाठी उघडं असतं. आधी येऊन मुलांचं काम बघा, मग काय द्यायचं ते ठरवा.

आपले,
विशेष मुला-मुलींचे पालक, चोपडा तालुका